वीबेसाहेबांचं स्तोत्र

जगात खऱ्या अर्थाने सुसंस्कृत म्हणता येतील अशा दोनच जमाती आहेत, असं इरज दहकान याने सकाळच्या कॉफीच्या वेळी जाहीर केलं. एक इराणी. दुसरी कोणती ते सांगायला त्याने श्वास घेतला, तेवढ्यात वीबेने बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे धरला. इरज छातीवर हात ठेवून "नको, नको" म्हणाला आणि वीबेने झाकण लावलं. दुसऱ्या जमातीचं नाव त्यानंतर कोणालाच कळलं नाही. ती डच नव्हती, एवढं मात्र इरजच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

इरज यझदचा. तिकडे पहिला नकार हा नकार नसतोच, ती नुसती दाराची कडी वाजवणं असतं. यजमानाने "घ्या हो" म्हणायचं, पाहुण्याने "छे, पोट भरलंय" म्हणायचं, यजमानाने आईची शपथ घालायची, आणि मग पाहुण्याने नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून चांगली दोन-तीन उचलायची. हॉलंडमधल्या होर्न गावातल्या या ऑफिसात नको म्हणजे नको. आग्रह ही चीज या देशाच्या हवेतच नाही. त्यामुळे इरज इथे कामाला लागून वर्ष होत आलं तरी त्या डब्यातल्या दालचिनीच्या बिस्किटाचा त्याला फक्त वास माहीत होता. आणि गंमत अशी, की वर्षभरात त्याने ऑफिसात कोणाला दिलेला हा एकच नकार, आणि तोही खोटा.

बाकी सगळ्याला तो हो म्हणायचा.

कंपनी पंप बनवायची. समुद्रापेक्षा खाली असलेल्या जमिनीतलं पाणी उपसून कालव्यात टाकणारे पंप. इरजच्या आजोबांची हयात जमिनीखाली बोगदे खणून घोटभर पाण्याला वर बोलावण्यात गेली होती, आणि नातू पाण्याला हाकलायच्या नोकरीत लागला होता. आजोबा हयात नव्हते ते एक बरं.

वीबे हा कंपनीचा मुख्य. इतका उंच, की दारातून आत येताना सवयीने मान तुकवायचा. इरजला वाटायचं, साहेबांनी आपल्यालाच नमस्कार केला. मग तोही खुर्चीतून उठून मान तुकवायचा. हे दिवसातून कितीतरी वेळा व्हायचं. वीबेला वाटायचं, या माणसाच्या पाठीला काहीतरी त्रास आहे. त्याने त्याला एक चांगली खुर्चीही आणून दिली होती, आणि इरजने तिचा अर्थ बढती असा लावला होता.

खरं म्हणजे बढती दूरच, नोकरीच अजून कच्ची होती. करार वर्षअखेरीपर्यंतचा. पुढे पक्की नोकरी द्यायची की हात मिळवून निरोप द्यायचा, हे वीबे डिसेंबरच्या सहा तारखेला ठरवणार होता. इरजची बायको माहीन हिने तर लग्नातला गालिचा अजून उलगडलाही नव्हता. भाड्याच्या घरात तो भिंतीशी गुंडाळून उभा होता, एखाद्या न बोलणाऱ्या सासऱ्यासारखा. "नोकरी पक्की झाली की अंथरीन," ती म्हणाली होती. "पुन्हा गुंडाळायचं बळ नाही माझ्या अंगात." तोवर दोघं गार फरशीवर मोजे घालून वावरत.

स्वतः माहीन मात्र या देशात लोण्यासारखी विरघळली होती. चष्म्यांच्या दुकानात ती गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायची, "ही फ्रेम तुम्हाला अजिबात शोभत नाही, नाक मोठं दिसतं." गिऱ्हाईक तिचे आभार मानायचं. अशा नोकरीसाठी आपण जन्मभर फुकट तयारी करत होतो, असं तिला वाटायचं.

इरजचं घोडं अडलं होतं ते नेमकं इथेच. मे महिन्यात एका नव्या पंपाचा आराखडा सगळ्यांपुढे ठेवला होता. तोंडाशी बसवलेली जाळी फारच बारीक आहे, हे इरजला पहिल्या नजरेत दिसलं. वीबेने त्याला विचारलं, "तुझं काय मत?" इरज म्हणाला, "अप्रतिम. शेवाळाला तर हे फारच आवडेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. चाचणीच्या दिवशी जाळीत हिरवा गोळा अडकला आणि पंप घरघर करून गप्प झाला.

वीबेने त्याला खोलीत बोलावलं.

"तुला हे आधीच माहीत होतं?"

"हो, साहेब. मी सांगितलंही होतं."

"केव्हा?"

"शेवाळाला आवडेल म्हणालो, तेव्हा."

वीबेने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "इरज, तू इंजिनीअर चांगला आहेस. पण तुझ्याशी बोललो की मला धुक्यात गाडी चालवल्यासारखं वाटतं. तू हो म्हणतोस त्यातला कुठला हो खरा? मला तोंडावर नाही म्हणणारा माणूस हवाय. डिसेंबरपर्यंत ते शिकलास तर ठीक, नाहीतर अवघड आहे."

"अगदी बरोबर आहे आपलं," इरज म्हणाला. वीबेने डोळे मिटून घेतले.

त्यानंतर इरजने प्रयत्न केले नाहीत असं नाही. घरी आरशापुढे उभा राहून तो "नाही" म्हणायचा. जमायचंही. पण ऑफिसात वीबे दारातून मान तुकवून आत आला, की ओठांवरचा "नाही" आत सरकायचा आणि "वा, काय सुरेख" बाहेर यायचं.

असा नोव्हेंबर उजाडला आणि शेजारच्या टेबलावरची आन्नेके एक टोपी घेऊन सगळ्यांपुढे फिरू लागली. टोपीत नावांच्या चिठ्ठ्या होत्या. डिसेंबरच्या पाच तारखेला, मुलांना भेटी वाटणाऱ्या म्हाताऱ्या संताचा सण. त्या दिवशी ज्याचं नाव आपल्याला आलं त्याला लहानशी भेट द्यायची, ती स्वतः बनवलेल्या कशात तरी लपवायची, आणि सोबत एक कविता जोडायची. खाली सही संताची. कविता भेट घेणाऱ्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची असते.

"आणि कवितेत त्याची चांगली खेचायची," आन्नेके म्हणाली. "वर्षभर जे तोंडावर बोललो नाही ते सगळं."

इरजला कळेना, या देशात तोंडावर बोलायचं राहतं तरी काय. त्याने चिठ्ठी उघडली. आत वीबेचं नाव.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चला, देवच पावला. साहेबाला चार शब्द सुनवायचे होते, ते यमकात सुनवावेत, संताच्या नावाने सुनवावेत, आणि पक्की नोकरी खिशात घालावी. माहीनही हेच म्हणाली. इरजला मात्र तो सरळ सरळ सापळा वाटला. करार ठरायच्या आदल्या दिवशी धन्याची भर दरबारात टिंगल करायची? त्याच्या आईचं घराणं दरबारी कवींचं; तिथे अशा कवीचं काय होतं, याच्या गोष्टी लहान मुलांना झोपवायला सांगत.

तरीही तो बसला. वीबेचे दोष मांडायचे, असं ठरवूनच बसला. पण रक्तातलं जाईल कुठे? पिढ्यान्‌पिढ्या ज्या लेखणीने शाहांच्या घोड्यांच्या शेपटीचीही तारीफ केली, ती दोषाला टेकली की दोषाचा गुण व्हायचा. वीबेच्या लांबलचक सभा त्याला आठवल्या, आणि मनात आलं, केवढा हा धीर! डब्याचं झाकण आठवलं. केवढा हा संयम! शिवाय काही गोष्टी त्याला मनापासून आवडत होत्या. यझदच्या साहेबाने कधी कोणाला काही विचारलं नव्हतं. वीबे मात्र पंपाचा आवाज कसा येतो हे झाडू मारणाऱ्या बाईलाही विचारायचा. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इरजचे डोळे भरून आले होते. मग लेखणी जी सुटली, ती थांबेना. टिंगल बाजूला राहिली आणि तयार झालं एक खणखणीत स्तोत्र. वीबेला लोकरीचे मोजे घेतले, ते ठेवायला पुठ्ठ्याचं सिंहासन केलं आणि त्यावर सोनेरी कागद चिकटवला. जिथे मंत्रीही सायकलवरून भाजी आणतो, त्या देशात हे सिंहासन ऑफिसात कसं दिसेल, याचा विचार त्याला शिवला नाही.

पाच तारखेला दुपारी सगळे गोल बसले. वीबेपुढे सिंहासन ठेवलं, तेव्हाच कोपऱ्यातून कोणीतरी शीळ घातली. वीबेने कागद उघडला, चष्मा नीट केला आणि सभेचं इतिवृत्त वाचून दाखवतात तशा सपाट आवाजात सुरुवात केली:

"सागरासही तळ असे, वीबे, तुझ्या सभेस अंत नाही;
पानगळीत बसलो, थंडीत उठलो, तरी कुणास खंत नाही."

मग जुना आरेखक रूलोफ नाकातून फुर्र करून हसला. वीबेने पुढे वाचलं:

"लहान बोले, थोर बोले, सर्वांचे तू ऐकून घेशी,
मग करिशी तेच जे ठरले होते, ऐसा दुसरा संत नाही."

आता आन्नेकेने टेबलावर डोकं टेकलं. तिचे खांदे हलत होते. इरज कावराबावरा होऊन इकडेतिकडे पाहू लागला. ही ओळ त्याने आठवडाभर घासली होती. यात हसण्यासारखं काय आहे?

"एकेक बिस्कीट देऊन लाविशी झाकण, आम्हा लोभातून तारिशी,
तुझ्या छायेत म्हणुनी, वीबे, कोणी लठ्ठ वा श्रीमंत नाही."

रूलोफने उठून टाळ्या वाजवल्या. अशी आणखी बरीच कडवी होती. भर थंडीत वीबे खिडकी उघडी ठेवतो आणि तरीही त्याच्या सहवासाच्या उबेपुढे हेमंत हा हेमंत वाटत नाही, या कडव्याला तर लोक खुर्च्यांवरून घसरले. वीबेचे कान आधी गुलाबी झाले, मग बिटासारखे. शेवटी त्याने कागदाची घडी घातली, "चांगलं जमलंय" म्हणाला, मोजे खिशात कोंबले आणि नेहमीपेक्षा लवकर सायकल घेऊन पावसात निघून गेला.

सही संताची असली तरी कवी कोण हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या इमारतीत दुसरं कोण वीबेला सागराची उपमा देणार होतं? रूलोफने इरजला मिठी मारली. "अरे, तुला आम्ही इतके दिवस गरीब गाय समजत होतो," तो म्हणाला. "तू तर छुपा वाघ निघालास." कोणीतरी कवितेची नक्कल काढून संडासात, इथल्या रिवाजाप्रमाणे तिथे लावलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी टांगली. आन्नेकेने ते मोठ्या कौतुकाने इरजला सांगितलं. आपलं स्तोत्र संडासात लागलं, हे ऐकून इरज आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. हा इथला मोठा मान आहे, हे त्याला दाराबाहेरून ओरडून सांगावं लागलं.

घरी त्याने माहीनला सगळं सांगितलं. तिने कविता वाचली. पहिलं कडवं संपता संपता ती गुंडाळलेल्या गालिच्याला टेकली, तिसऱ्याला त्याला धरून हसायला लागली.

"इरजजान, खरं सांग, हे तू स्तुती म्हणून लिहिलंस?"

"मग काय म्हणून लिहिणार?"

"हे बघ," ती डोळे पुसत म्हणाली, "उद्या तो विचारेल, चेष्टा केलीस ना? तू फक्त हो म्हण. आयुष्यभर फुकटचे हो वाटत आलास, उद्याचा एक तेवढा कामाचा आहे. मला पायाखाली गालिचा हवाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी इरज वीबेच्या खोलीत गेला. खिडकी सताड उघडी. खिडकीत सोनेरी सिंहासन, त्यात वीबेने पेन्सिली उभ्या केल्या होत्या. टेबलावर कविता, शेजारी कराराचे कागद, आणि त्यावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला बिस्किटांचा डबा.

"बस," वीबे म्हणाला. "काल हे मी बायकोला वाचून दाखवलं. हसता हसता तिला ठसका लागला. मग म्हणाली, घरातही तू हेच करतोस. सुट्टीला कुठे जायचं ते पोरांना विचारतोस, कुत्र्यालासुद्धा विचारतोस, आणि दर वर्षी आपण त्याच माळावर तंबू ठोकतो." तो थांबला. "मला वाईट वाटलं. खरं आहे म्हणून सांगतोय. पण तोंडावर बोल असं मीच तुला म्हणालो होतो, आणि तू बोललास. सगळ्यांसमोर. यमकात. एवढं मी मागितलं नव्हतं, पण बोललास. माझी इतकी कडक खरडपट्टी इथे कोणी काढली नव्हती. बरोबर समजलो ना मी?"

त्याने पेन उचललं.

एक हो. इरजच्या जिभेवर तो तयार होता, वर्षानुवर्षांच्या सवयीने गुळगुळीत झालेला. डोळ्यांपुढे गालिचा उलगडायलाही लागला होता, त्यातली डाळिंबाच्या रंगाची नक्षी दिसायला लागली होती. पण त्याची नजर टेबलावरच्या दुसऱ्या कडव्यावर पडली. लहान बोले, थोर बोले. आपण हो म्हटलं की ही ओळ कायमची टवाळी होणार. मग झाडू मारणाऱ्या बाईला विचारणारा वीबेही टवाळीचाच विषय होणार. माणूस नोकरीसाठी पुष्कळ सोसतो. पण कवी आपल्या चांगल्या ओळीचा चुकीचा अर्थ सोसत नाही.

"नाही," इरज म्हणाला.

"नाही?"

"नाही. तू चुकतोयस, वीबे. ती स्तुती आहे."

खोलीत तिसरंच कोणी बोललं असावं असं वाटून इरजने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. वीबेने पेन खाली ठेवलं.

"'करिशी तेच जे ठरले होते', ही स्तुती?"

"अर्थात. थोर राजे असंच करतात. सगळ्यांचं ऐकतात, मग करतात मनातलं. आमचा यझदचा साहेब नुसतं मनातलं करायचा. तू निदान अर्धी वाट तरी चालतोस."

"ही खिल्ली आहे," वीबे म्हणाला. "अख्खं ऑफिस हसलं."

"अख्ख्या ऑफिसला कवितेतलं काही कळत नाही."

"रूलोफला कळतं. त्याने आपल्या मांजरीवर कविता केल्यात."

"मग मांजरीला कळत असेल."

वीबे टेबलावर पुढे झुकला. इरजही झुकला. सभांवरून झालं, संयमावरून झालं, सिंहासनावर सोनेरी कागद का चिकटवला यावरून चांगलंच झालं. वीबे हट्टाने म्हणत होता की आपला अपमान झालाय, आणि इरज तितक्याच हट्टाने म्हणत होता की मुळीच झालेला नाही. बाहेर आन्नेके दोनदा दारापर्यंत येऊन परत गेली.

"आणि खिडकी?" वीबेने शेवटी विचारलं. "थंडीत ऊब वाटते म्हणतोस. तीही मनापासून?"

इरजने कान चोळले. वाऱ्याने त्याच्या कानांच्या पाळ्या बधिर झाल्या होत्या.

"खिडकीचं खोटं आहे," तो म्हणाला. "खिडकी भयंकर आहे. गेल्या हिवाळ्यापासून माझं नाक वाहतंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. मी मफलर गुंडाळून बसायचो."

वीबे उठला आणि त्याने खिडकी लावली. खोली एकदम शांत झाली. त्या शांततेत इरजला आणखी एक गोष्ट आठवली, आणि आता तोंड उघडलंच आहे तर तीही जाऊ दे, असं त्याला वाटलं.

"नव्या पंपाची जाळी बदलली तीही चुकीची आहे. अजून बारीकच आहे. शेवाळ पुन्हा अडकणार."

"मागच्या आठवड्यात तू म्हणालास, जाळी अगदी रेशमासारखी झालीय."

"रेशमातून पाणी जातं कधी?"

वीबेने हे कागदाच्या कडेला लिहून घेतलं. मग तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग सिंहासनातल्या पेन्सिली खडखडल्या. त्याने डबा उचलून बाजूला ठेवला, करार ओढला, सही केली आणि कागद इरजपुढे सरकवला. इरजनेही सही केली. त्याच्या मनात गालिच्याचं एक टोक खोलीच्या त्या भिंतीला जाऊन टेकलं.

वीबे उभा राहिला. छताला डोकं लागेल म्हणून त्याने मान किंचित तुकवली. इरज या वेळी बसूनच राहिला. एरवी हवामानापलीकडे फारसा न बोलणारा वीबे त्या दिवशी फार मोठं बोलला. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याच हो-ला वजन असतं, म्हणाला. ही जमीन समुद्रातून वर काढली ती गोड बोलणाऱ्यांनी नव्हे, बांध कुठे फुटलाय ते ओरडून सांगणाऱ्यांनी, म्हणाला. दोन देश, दोन स्वभाव, आणि आज या टेबलाशी पहिल्यांदा दोघांच्या मध्ये पडदा उरला नाही, असंही म्हणाला. आता तुझ्या मनात असेल ते बेधडक बोल, मागायचं असेल ते माग, असं म्हणून त्याने हात पुढे केला.

इरजने तो हातात घेतला. त्याचे डोळे ओले झाले होते.

"एक बिस्कीट मिळेल का?" तो म्हणाला. आणि वीबेचा दुसरा हात झाकणापर्यंत पोचायच्या आत त्याने घाईने जोडलं, "दोन दिलीस तरी चालतील."